फरक साडेचारशेचा

इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्लेसमेंटचा हंगाम सुरू झाला, की मुलांच्या तोंडी बँकांची नावं येऊ लागतात. बार्कलेज, डॉइश बँक, एचएसबीसी. यांतल्या एकाही बँकेत त्यांचं खातं नसतं आणि उघडायचा विचारही नसतो. पुण्यात खराडी, येरवडा, कल्याणीनगर या पट्ट्यात परदेशी बँकांची तंत्रज्ञान केंद्रं आहेत. तिथे काउंटर नाही, कॅशियर नाही, दोरीने बांधलेलं पेन नाही. हजारो माणसं तिथे सॉफ्टवेअर लिहितात, चालवतात आणि रात्री-अपरात्री बंद पडलं तर उठून दुरुस्त करतात. टीपीओच्या, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याच्या, यादीत अशी बँक 'ड्रीम कंपनी'च्या रकान्यात असते, आणि ड्रीम कशाला म्हणायचं हे पॅकेजच्या आकड्यावरून ठरतं.

अशाच एका बँकेत (तिच्या नावावाचून गोष्टीचं काही अडत नाही) एका जुलैत पदवीधरांची नवी तुकडी रुजू झाली. ग्रॅज्युएट प्रोग्राममध्ये मुलांना थेट एका खुर्चीत बसवत नाहीत. आधी काही आठवडे प्रशिक्षण, मग सहा महिने एका टीममध्ये, सहा महिने दुसऱ्या टीममध्ये, आणि वर्षाच्या शेवटी आपली पसंती लिहून द्यायची. या फेऱ्यांना रोटेशन म्हणतात. पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळतो, पाठीवरची बॅग मिळते, एक बडी मिळतो आणि एक सूचना मिळते: इथे सर-मॅडम नाही, सगळ्यांना नावाने हाक मारायची. ही शेवटची गोष्ट अंगवळणी पडायला कोडिंगपेक्षा जास्त वेळ लागतो.

तुकडीत कोथरूडचा तन्मय होता. कॉलेजात असतानाच हॅकेथॉन जिंकलेला, उन्हाळ्याची इंटर्नशिप इथेच करून पीपीओ, म्हणजे नोकरीचा आगाऊ देकार, खिशात घालून आलेला. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे माहीत असलेला. पण मनाने वाईट नव्हे. आणि बार्शीची ऋतुजा होती. तिची निवड झाली त्या मुलाखतीत पॅनेलने सहज विचारलं होतं, बँकेबद्दल काय माहीत आहे? बाकीच्या मुलांनी फिनटेक, ब्लॉकचेन वगैरे सांगितलं. हिने सांगितलं, की पूर्वी बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं. 1 एप्रिल 2010 पासून रिझर्व्ह बँकेने ते रोजच्या शिलकीवर द्यायला लावलं, कारण तोवर शाखांत पुरेसे संगणक आले होते आणि रोजचा हिशेब हाताने करायची गरज उरली नव्हती. पॅनेलमधल्या एकाने मान वर करून विचारलं, "हे तुला कुठून माहीत?"

"माझे वडील सहकारी बँकेत आहेत," ती म्हणाली. "दहा तारखेच्या आत पैसे भरा, असं ते अख्ख्या गल्लीला सांगायचे."

तिचे वडील, म्हणजे अण्णा, लेजरच्या जमान्यात नोकरीला लागले आणि कोअर बँकिंगच्या जमान्यात निवृत्तीला आले. किर्द, खतावणी, तेरीज हे त्यांच्या घरात जेवताना निघणारे विषय. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेच्या बेरजांचा मेळ, जुळेपर्यंत शाखेचं शटर ओढायचं नाही, या नियमापायी त्यांनी किती लग्नांच्या पंगती चुकवल्या, हा ऋतुजाच्या आईचा विषय.

प्रशिक्षणात जावा झालं, क्लाउड झालं, सुरक्षेवर एक दिवस झाला. त्या दिवशी शिकवणाऱ्याने बांगलादेश बँकेची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी 2016 मध्ये चोरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेत शिरून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला पैसे पाठवण्याचे आदेश धाडले, एकूण सुमारे 95 कोटी डॉलरचे. बरेचसे आदेश अडले. 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपिन्सला पोचले आणि बहुतेक सगळे कसिनोंतून पसार झाले. श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावाने निघालेले 2 कोटी मात्र वाचले, कारण तिच्या नावात चोरांनी 'फाउंडेशन'चं 'फँडेशन' लिहिलं होतं आणि वाटेतल्या बँकेत कोणालातरी ते खटकलं. ढाक्यात तर व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटर बंद पडला होता. नेहमीचंच रडगाणं म्हणून त्याच्याकडे लगेच कोणी लक्ष दिलं नाही. मुलांनी टिपून घेतलं: पासवर्ड, मालवेअर, फायरवॉल. वाटेतल्या बँकेतल्या त्या न दिसणाऱ्या माणसाने नाव वाचलं होतं, ही गोष्ट स्लाइडवर नव्हती, त्यामुळे फार कोणाच्या वहीत गेली नाही.

मग टीम जाहीर झाल्या. तन्मयला हवी होती तीच मिळाली: मशीन लर्निंग. ऋतुजाच्या नावापुढे लिहिलं होतं रिकॉन्सिलिएशन, म्हणजे बोलीत रिकॉन. कँटीनमध्ये सगळ्यांनी तिचं सांत्वन केलं. रिकॉन म्हणजे जुनी टीम, जुना कोड, आणि ज्याच्याबद्दल लिंक्डइनवर काही लिहिता येत नाही असं काम.

काम असं. बँकेचं दुसऱ्या बँकेत खातं असतं, त्याला नॉस्ट्रो म्हणतात. आपल्या वहीत त्या खात्याच्या ज्या नोंदी आहेत, त्या समोरच्या बँकेकडून आलेल्या स्टेटमेंटशी रोज ताडून पाहायच्या. बहुतेक नोंदी रक्कम, तारीख आणि संदर्भ क्रमांकावरून आपोआप जुळतात. ज्या जुळत नाहीत त्या 'ब्रेक'. संदर्भ क्रमांक वाटेत तुटतो, कोणी चार्जेस कापून घेतं, कुठे सुट्टी असते म्हणून तारीख पुढे सरकते. हे ब्रेक चेन्नईच्या ऑपरेशन्समधली माणसं एकेक करून उलगडतात. त्यांची प्रमुख राधिका. तिला पंधरा वर्षांचा अनुभव, आणि कॉलवर ती 'हॅलो'च्या आधी आकडा सांगते.

पहिल्याच महिन्यात एका कॉलवर राधिकाने 2,700 डॉलरचा एक ब्रेक वाचून दाखवला. दोन दिवस कोणाला सापडत नव्हता. ऋतुजा हळूच पुटपुटली, "नवाने भाग जातो." माइक चालू होता.

"काय म्हणालीस?"

तिला सांगावंच लागलं. लेजरवाले कारकून फरक निघाला की आधी त्याला नवाने भागून पाहतात. शेजारचे दोन अंक लिहिताना उलटे पडले, की येणाऱ्या फरकाला नवाने नेहमी भाग जातो. 2,700 भागिले 9 म्हणजे 300. तेव्हा शतक आणि हजाराच्या घरातले, तीनाचं अंतर असलेले दोन अंक शोधायचे: 1 आणि 4, 2 आणि 5 असे काहीतरी. भाग जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची नोंद नावे पडली असेल तर फरक दुप्पट होतो. नवाने भाग गेला म्हणजे अंक उलटलेच असं मात्र नाही. शोधायला सुरुवात कुठून करायची, एवढंच त्यातून कळतं.

तासाभरात राधिकाचा मेसेज आला: 85,230 च्या जागी 82,530. कुठेतरी अडकलेलं पेमेंट कोणीतरी हाताने दुरुस्त करून पुढे पाठवताना 5 आणि 2 ची अदलाबदल झाली होती. तेव्हापासून राधिका तिला 'नाइन' म्हणू लागली.

सहा महिने संपले. इकडे तन्मयच्या टीमने एक देखणं साधन तयार केलं होतं. चेन्नईच्या माणसांनी आजवर ब्रेक कसे मिटवले, यावरून ते शिकलं होतं. एक नोंद एकाच नोंदीशी जुळवायची हे बंधनही त्याला नव्हतं. इकडच्या एका नोंदीसमोर तिकडच्या तीन-चार नोंदींची बेरीज ठेवून ते ब्रेक मिटवायचं. दहा मिनिटांत पडद्यावरचा तांबडा रंग जाऊन हिरवा पसरायचा. वर्षअखेरीच्या सादरीकरणात, लंडनहून येणाऱ्या मोठ्या साहेबांसमोर, हेच दाखवायचं ठरलं. त्यासाठी तन्मयला दुसऱ्या रोटेशनलाही तिथेच ठेवलं, आणि रिकॉन माहीत असलेलं कोणीतरी हवं म्हणून ऋतुजाला त्याच टीममध्ये घेतलं.

तिने पहिल्या दिवसापासून केलं ते एवढंच, की चाचणीच्या यादीतल्या हिरव्या ओळी उघडून वाचल्या. तांबड्या ओळी सगळेच वाचतात. नावं झाकलेली होती, रकमा दिसत होत्या. एका ओळीत आपल्या वहीत 48,615 होते. समोर साधनाने चार नोंदी ठेवल्या होत्या: 48,165, आणि मग 150, 150, 150. बेरीज बरोब्बर 48,615. बाजूला हिरवी खूण, खात्री 97 टक्के.

साडेचारशे. भागिले नऊ, पन्नास. दशक आणि शतकाच्या घरात पाचाचं अंतर: 6 आणि 1. 615 चे 165 झाले होते. ते तीन दीडशे म्हणजे भलत्याच तीन ग्राहकांना परत करायचे चार्जेस होते, केवळ बेरीज जमवायला उचललेले. म्हणजे कोणातरी एकाला साडेचारशे डॉलर कमी गेले होते आणि साधनाच्या भरवशावर राहिलं तर ते कोणी शोधणार नव्हतं, कारण यादीत ब्रेकच उरला नव्हता. आणि ज्यांचे दीडशे परत जायचे होते, त्यांच्या नोंदीही यादीतून गेल्या होत्या.

तिने तन्मयला बोलावलं. त्याने पाहिलं आणि खांदे उडवले. "एक केस आहे. सत्त्याण्णव टक्के म्हणजे तीन चुकणारच. एकूण जुळतंय ना?"

"एकूण जुळण्याचाच तर प्रश्न आहे."

"ऋतुजा, सादरीकरण तीन आठवड्यांवर आहे."

त्या रात्री तिने घरी फोन लावला. खात्यांबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, हे तिने रुजू होतानाच सहीनिशी कबूल केलं होतं. म्हणून तिने आकडे सांगितले नाहीत, बँकही मध्ये आणली नाही. फक्त विचारलं, "अण्णा, तुमच्याकडे तेरीज जुळली पण हिशेब चुकलाय, असं कधी झालंय का हो?"

अण्णा हसले. "कधी काय, वरचेवर. एका कुलकर्णीचे पैसे दुसऱ्या कुलकर्णीच्या खात्यावर टाक, तेरीज जुळतीच की. तिला कुठं कळतंय कुठला कुलकर्णी! एक चूक इकडं, तेवढीच एक चूक तिकडं, तरी जुळती. नवीन पोरं तेरीज जुळली की टाळ्या पिटायची. आमचे हेडक्लार्क म्हणायचे, आता बसा आन् खाती बघा."

"मग तुम्ही काय करायचात?"

"दुसऱ्याला द्यायचो तपासायला. ज्यानं लिहिलंय त्यानं तपासायचं नाही. त्याला त्याची चूक दिसतच नाही गं, डोळं फुटलेलं नसलं तरी."

बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती मंजूर करायची. शाखेतल्या शिकाऊ कारकुनालाही हे पहिल्या आठवड्यात कळतं. तन्मयचं साधन मात्र मेकरही होतं आणि चेकरही होतं: जोड्या तेच लावायचं आणि किती खात्री आहे हेही तेच सांगायचं. इतक्या शिकलेल्या माणसांच्या टीममध्ये हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. सादरीकरणाची तारीख ठरलेली असली की बऱ्याच गोष्टी लक्षात येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाने हे तन्मयला सांगितलं तेव्हा तो चिडला. पण चिडल्यावर त्याने जे केलं त्यामुळे ही गोष्ट सांगण्यासारखी झाली. तिला खोटं पाडायला त्याने चाचणीच्या यादीत मनानेच शंभर खोटे ब्रेक घातले. कुठल्याही व्यवहाराशी संबंध नसलेल्या, संगणकाने उचलून दिलेल्या रकमा. साधन खरं असेल तर ते म्हणेल, यांची जोडी मला सापडत नाही. मग त्याने बटण दाबलं.

बहुतेक सगळे हिरवे झाले.

तन्मय बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग त्याने वहीचं पान उलटून गणित मांडलं. तीस सुट्या नोंदी असल्या की त्यांचे वेगवेगळे गट पडतात शंभर कोटींहून जास्त. इतक्या गटांत तुम्हाला हवी ती बेरीज कुठे ना कुठे निघणारच. कॉलेजात त्याने यावर पेपर लिहिला होता, पूर्ण गुणही मिळवले होते. त्या पेपरातल्या संख्यांमागे कोणाचे पैसे नव्हते.

पुढचे तीन आठवडे दोघे रोज उशिरापर्यंत बसले. साधनातली बेरजा जमवण्याची मुभा काढून टाकली. एका नोंदीसमोर अनेक नोंदी ठेवायच्या असतील, तर त्या एकाच ग्राहकाच्या किंवा एकाच संदर्भाच्या असल्या पाहिजेत, अशी अट घातली. उरलेल्यांवर साधन फक्त सुचवणार, कारण लिहिणार आणि मंजुरी चेन्नईतला माणूस देणार. नवाचा आणि निम्म्याचा नियमही तन्मयने घातला. अण्णांचं कसब कोडच्या दहा-बारा ओळींत बसलं. हिरवा रंग निम्म्याहून खाली आला.

त्यांचा मॅनेजर मंगेश हे पाहून गप्प झाला. लंडनला पाठवलेल्या पत्रात त्याने आधीचा आकडा लिहून ठेवला होता. शेवटी म्हणाला, "बोलायचं तुम्हीच. मी मागे उभा राहीन." वरिष्ठांकडून एवढंही मिळालं तर पुष्कळ, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणेन.

सादरीकरणाला मोठा हॉल होता, समोर बॅनर, मागे समोसे. तन्मय बोलला. त्याने आधीचा पडदा दाखवला, पूर्ण हिरवा. मग त्यातले शंभर खोटे ब्रेक दाखवले, तेही बहुतेक हिरवे. हॉलमध्ये कुजबुज झाली. मग त्याने नवा पडदा दाखवला, ज्यात तांबडं बरंच होतं. साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही सहा महिन्यांत आकडा कमी केलात?" लोक हसले. तन्मय म्हणाला, "हो." ऋतुजाने पुढे जोडलं, "आधीचा आकडा आमचा नव्हता, योगायोगाचा होता."

पहिलं बक्षीस एका चॅटबॉटला मिळालं. तो कर्मचाऱ्यांना रजेचे नियम सांगायचा, आणि गोड बोलायचा.

समोसे खाताना राधिकाचा चेन्नईहून फोन आला. तिने कार्यक्रम स्क्रीनवर पाहिला होता. शाबासकी वगैरे काही नाही, तिने एवढंच विचारलं, "ती तांबडी यादी कारणांसकट मला रोज सकाळी नऊच्या आत मिळेल का? माझी माणसं तेव्हा बसतात. आणि ते तीन दीडशेवाले ग्राहक, त्यांचं काय झालं?" चाचणीची यादी खऱ्या नोंदींवरून केलेली होती, म्हणजे ती माणसं कुठेतरी खरी होती. ऋतुजाने संदर्भ क्रमांक शोधून दिले. राधिकाच्या माणसांनी मूळ वहीत पाहिलं, तर तिघांचेही पैसे वेळेवर परत गेलेले होते, कारण मूळ वहीवर ते साधन अजून चालवलंच नव्हतं. आणखी महिन्याभराने चाललं असतं.

वर्ष संपलं. पसंतीचा फॉर्म आला. तीन टीम क्रमाने लिहायच्या, आणि प्रत्येकीपुढे दोन ओळींत कारण. कँटीनमध्ये सगळ्यांचा अंदाज ठरलेला होता: तन्मय मशीन लर्निंगमध्येच राहणार, ऋतुजा रिकॉनला परत जाणार, तिला तिथे मानही आहे.

तन्मयने पहिल्या जागी रिकॉन लिहिलं. कारणाच्या ओळीत लिहिलं: इथे मी चुकलो की दिसतं. त्याच्या आईने फोनवर विचारलं, हे प्रमोशन आहे का? त्याला नीट सांगता आलं नाही.

ऋतुजाने लिहिलं पेमेंट्स. मंगेशने तिला बोलावून विचारलं, रिकॉन का नाही? तिच्याकडे उत्तर तयार होतं. अंक उलटे पडतात ते रिकॉनमध्ये नाहीत. तिथे ते फक्त सापडतात. पडतात ते पेमेंट्सच्या दुरुस्तीच्या रांगेत, जिथे रात्रपाळीचा माणूस अडकलेला मेसेज वाचून रक्कम पुन्हा हाताने टाइप करतो. मूळ रक्कम मेसेजमध्ये असते, तरी पडदा त्याला ती नव्याने लिहायला लावतो. तो पडदा कोणी बदलायचा, हे तिने विचारून ठेवलं होतं. उत्तर मिळालं होतं, की त्याचं तिकीट गेली चार वर्षं उघडं आहे, पण टीममध्ये माणूस नाही.